त्याच्या स्पेलमधले फोन

सक्करदरा, मंगळवार, संध्याकाळ

आपला फास्ट बॉलर आज निवृत्त झाला. चालू मालिकेत, अचानक. बातम्यांत गुडघा सांगून राहिले. साफ चूक. मागच्या मालिकेपासून त्याचा डावा पाय आडवा पडत होता. दुखणं कमरेचं आहे. मी कुठल्या अकादमीत गेलो नाही, पण पाहून पाहून एवढं कळतं मला.

निखिलला फोन लावला. पोरगा पुण्याला गेल्यापासून आमचं बोलणं या बॉलरच्या स्पेलमध्येच, म्हणजे तो सलग ओव्हर टाकत असेल तेवढा वेळच. फोन कानाला लावून दोघं मॅच पाहतो. माझा टीव्ही थोडा पुढे, त्याचा मोबाइल मागे. विकेट पडली तरी त्याला दिसेपर्यंत मी ओरडायचं नाही, हा नियम. तेवढं गप्प राहणं मला फार आवडायचं.

"वाचलं बाबा. गुडघा ना?"

"गुडघा काहून गा? कंबर!"

"असंल."

तेवढ्यात तिकडून एका मुलीचा आवाज आला, "कोण आहे रे?"

"बाबा. क्रिकेटचं सांगून राहिले."

कोण ती? विचारायला हवं होतं. मी पुन्हा कंबरच समजावत बसलो. तो हो-हो करत राहिला.

शेवटी विचारलं, "रविवारची मॅच लावशील ना?"

"तो नाही तर काय पाहू, बाबा? तुम्ही पाहा, मले सांगा."

सांगा म्हणाला. म्हणजे फोन केला तर चालेल? की फोन ठेवायचा होता म्हणून म्हणाला? त्याचा आवाज कितीदा आठवून पाहिला. ठरत नाही.