शेख वाहिद शिपायास सायकल परत मिळणेबाबत

प्रति,
मेहेरबान मामलेदार साहेब,
तालुका कचेरी, नंदुरबार,
जिल्हा पश्चिम खानदेश.

विषय : प्रकृतीच्या कारणास्तव समन्स बजावण्याचे काम व सरकारी सायकल परत मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदारास दप्तरखान्यात बैठे काम देणारा आपला हुकूम.

महोदय,

अर्जदार शेख वाहिद वल्द मुनव्वर, शिपाई, याची विनंती येणेप्रमाणे :

१. पत्नी अख्तरबानो अंथरुणाला खिळली म्हणून अर्जदाराने गेल्या साली बैठे काम मागितले व साहेबांनी मेहेरबान होऊन ते दिले. रमजानच्या आधी ती अल्लाला प्यारी झाली. मुलगी सालेहा खापरला नांदते. सबब घरी लवकर परतण्याचे कारण आता उरलेले नाही.

२. रोजच्या सायकलीने प्रकृती किती ठणठणीत राहते, हे अर्जदाराला विचारावे. कोरीट गावाला जाऊन आले की भाकरी पचे, पाठ टेकताच डोळा लागे. आता पोट सुटले, गुडघे कुरकुरतात आणि झोपेने तर उभा दावाच मांडला आहे.

३. सर्वांत मोठा फायदा गळ्यास होतो. समन्सवाल्याची घंटी ऐकून लोक दारे लावून घेतात, असा समज आहे. तो साफ खोटा! कोरीटच्या छबूबाई शेतातूनच ओरडत, "वाहिदभाऊ, आज कोनी पाळी शे?" म्हणजे आज समन्स कोणावर? दोधू पाटील समन्स घेऊन आधी शिव्या देत, मग पाणी देत. अर्जदारही पायडल मारता मारता सर्वांना ओरडून उत्तर देई. त्याने छाती मोकळी होई.

४. दप्तरखान्यात ओरडायचे कोणाला? कारकूनसाहेब कामात असतात. कागदपत्रांच्या गठ्ठ्यांपैकी कोणता रुमाल काढायचा, ते बोटाने दाखवतात. त्यांचा काही दोष नाही. परवा हकिमांनी विचारले, काय होते? अर्जदाराने तोंड उघडले, तर आवाजच फुटेना. हकीम कितीतरी वेळ घशात बघत राहिले. घशात काही नव्हते. साहेब, आदल्या दिवसापासून अर्जदाराशी कोणी बोललेच नव्हते.

५. सायकल सध्या प्रेमचंद शिपायाकडे आहे. त्याला घरी बायको आहे, भाऊ आहेत, भांडायला माणसे आहेत. समन्स नसतील त्या दिवशी अर्जदार रिकामी फेरीसुद्धा मारून येईल.

तरी योग्य तो हुकूम व्हावा. मात्र तो लेखी पाठवू नये. साहेबांनी अर्जदारास नाव घेऊन आत बोलवावे आणि तोंडी सांगावा. नकार असला तरी चालेल.

हाकेसरशी हजर राहणारा,
शेख वाहिद वल्द मुनव्वर
नंदुरबार, ता. ३ डिसेंबर १९३८

सोबत : हकिमांची चिठ्ठी, घशात दोष नसल्याबद्दल.