पाणी आधी, तेल नंतर

वॉलॉंगॉंग,
१४ नोव्हेंबर २०२१

ति. दादास,

नमस्कार. इथे आम्ही दोघी ठीक आहोत. मयूराची युनिव्हर्सिटी अजून लॅपटॉपवरच चाललीये. माझ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये स्वॅबचे ढीग जरा कमी झालेत, त्यामुळे शिफ्टमध्ये चहा गरम असताना प्यायला मिळतो. तुझ्या गुडघ्याचं मंजिरीवहिनीकडून कळलं. जिना टाळ.

तुझा मेसेज वाचला. ‘आधी ती बंदूक विकून टाक, त्या दिवशीच्या वागण्याबद्दल माफी माग, मग घरी ये.’ तो तू फॅमिली ग्रुपवर टाकलास, म्हणजे नागपूरच्या लतामावशीपर्यंत सगळ्यांनी वाचला. मी ग्रुपवर उत्तर देणार नाही. पत्र लिहितेय, कारण पत्रात तुला मधेच माझं बोलणं तोडता येत नाही.

रायफल विकणार नाही. माफी मागणार नाही. आणि घरी येणार आहे.

आता नीट ऐक. ती बंदूक मी कुणाला मारायला घेतलेली नाही. जुनी लष्करी रायफल आहे, माझ्या नेमबाजीच्या क्लबातल्या कॉलीननं मला विकली. कॉलीन सत्तरीची आहे, आयुष्यभर पोर्ट केंब्लाच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली तिनं. लायसन्स माझ्या नावावर आहे, रायफल तिजोरीत असते, किल्ली माझ्याकडे. शनिवारी रेंजवर जाऊन कागदावर नेम धरते, बस. यतिन मला नि मयूराला सोडून गेला तेव्हा तू म्हणालास, देवळात जात जा, मन रमेल. माझं इथे रमलं.

जुनी रायफल, तशीच जुनी काडतुसं. लष्करानं कधीकाळी विकून टाकलेली, आमच्या क्लबाकडे त्यांच्या पेट्या पडून आहेत. स्वस्त आणि चांगली चालतात, पण त्यांच्या टोपीतल्या दारूत असं काही असतं की गोळी सुटल्यावर नळीत क्षार राहतो, मिठासारखा. तो हवेतली ओल ओढतो. इथे तर समुद्र दारात. रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी नळी तांबूस. आणि तेलानं तो क्षार निघत नाही, नुसता झाकला जातो आणि खालून लोखंड खात राहतो. तो विरघळतो पाण्यात. म्हणून घरी आल्या आल्या बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, काढायचा, नळीत नरसाळ्यानं कढत पाणी ओतायचं, किटली दोनदा तरी रिकामी करायची. बोल्टचं तोंडही धुवायचं, ते लोक विसरतात. मग दोरीला कापड बांधून नळीतून ओढत राहायचं, कोरडं आणि पांढरं निघेपर्यंत. तेल सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी परत एक कापड फिरवून बघायचं.

हे सगळं तुला का सांगतेय? कारण आईला हे पाठ होतं.

तुला माहीत नाही ना? दर शनिवारी मी रेंजवरून आले की आईचा व्हिडिओ कॉल यायचा. तुमच्याकडे जेवणाआधीची वेळ, तू बँकेत किंवा झोपलेला. मी फोन बरणीला टेकवून ठेवायचे आणि आई समोर बसून बघायची. “किती लागले आज मधे?” हा पहिला प्रश्न. मग देखरेख. “अगं, अजून काळं निघतंय कापड. परत ओत.” एकदा मी घाईत तेलाची बाटली आधी उचलली तर ओरडली, “पाणी आधी, तेल नंतर! लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालशील का?”

विमल देशमुखनं, म्हणजे आपल्या आईनं, सोलापूरला कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजी केली होती. जिल्ह्यात दुसरी आली होती. लग्न ठरलं आणि सासरच्यांना आवडणार नाही म्हणून ते पुन्हा कुणी काढलंच नाही. मलाही गेल्या वर्षीच्या लॉकडाऊनमध्येच कळलं. मला म्हणाली, “श्रीनाथला सांगू नकोस, तो हसेल.” म्हणून नव्हतं सांगितलं.

जूनमधल्या एका शनिवारी तिचा कॉल आला नाही. मी तुला फोन केला. तू म्हणालास, “आईचा फोन दुरुस्तीला दिलाय. ती बरी आहे, झोपलीये.”

पुढच्या शनिवारी दुपारी रेंजवर असतानाच लॉकडाऊन जाहीर झाला, सगळ्यांना घरी पाठवलं. मी येऊन किटली लावली, नळी सिंकवर धरली आणि फोन वाजला. आईचा नंबर. मयूराला मी हाक मारून म्हटलं, “आजीचा फोन झाला दुरुस्त!”

स्क्रीनवर तू होतास. म्हणालास, आई गुरुवारी गेली. कोविड. सगळं उरकलंय.

मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगून काय करणार होतीस? विमान नाही, परवानगी नाही. रडत बसली असतीस.”

मी किटली उचलली आणि नळीत पाणी ओतायला लागले. हात आपोआप चालले, दादा. आईच्या नंबरवरून कॉल चालू होता आणि रायफल अर्धी धुतलेली होती. ती असती तर थांबू दिलं नसतं. तू विचारलंस, काय करतेयस, आणि मी खरं सांगितलं. “आई गेली आणि तू बंदूक पुसतेयस?” असं ओरडलास आणि फोन ठेवलास. मयूरा म्हणाली, “मम, सिट डाउन.” मी बसले नाही. तेल लावून, तिजोरीत ठेवून, मग बाथरूममध्ये गेले. तिथे काय झालं ते तुझ्या ग्रुपवर टाकण्यासारखं नाही.

एवढ्यावर मी गप्प राहिले असते. पण दिवाळीत मी वहिनीला सरळ विचारलं. तिच्यावर चिडू नकोस, तिनं खोटं बोलायला नकार दिला इतकंच. आईचा फोन दुरुस्तीला नव्हताच. तुझ्या कपाटात होता. घरी तापानं पडलेली असताना आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, “देवूला फोन लाव.” आणि तू म्हणत होतास, “तिला कशाला उगाच घोर.”

विमानं बंद होती, खरं आहे. फोन बंद नव्हता.

मला ठाऊक आहे, स्मशानात तू एकटा होतास. तो प्लास्टिकचा अंगरखा घालून, लांबून बघत. वहिनीलाही येऊ दिलं नव्हतं. त्याबद्दल तू कुणाशी बोलला नाहीस. ते ऐकायलाही मी येतेय. पण माझ्या बंदुकीआड लपू नकोस.

आता बॉर्डर उघडलीये. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट काढलंय, मयूरासकट. आईच्या खोलीत झोपणार. लतामावशीला काय सांगायचं ते तू बघ. आई त्या तापात काय काय बोलली, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, समोर बसून, काही न गाळता. तू दार उघडलं नाहीस तर वहिनी उघडेल, आणि तिलाही अडवलंस तर मी जिन्यात बसून राहीन. मला घाई नाही.

‘तुझी’ म्हणून सही करायची की नाही, ते तुझं ऐकल्यावर ठरवीन. तूर्त,

विमलची मुलगी,
देवयानी