पहिल्या शिडीवरची खूण

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन एकवीस दिवस झाले. कबूलच करतो, उत्तर टाळत होतो. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर पाकीट नव्हतं. पाकीट मिळालं त्या दिवशी खिडकीत मुंग्यांची रांग दिसली आणि ती कुठे जाते ते बघण्यात दुपार गेली. (मागच्या नळापर्यंत जाते. विशेष काही नाही.)

तू विचारलंस की मी नेमका आहे कुठे आणि करतो काय. टेकडीवर एक मोठं घर आहे. तिथे लोक दहा-दहा दिवस येऊन राहतात आणि अहंकार सोडायला शिकतात. फाटकावर मोबाईल काढून घेतात, म्हणून हा पत्रांचा उद्योग. मी शिकायला आलो नव्हतो, खिडक्यांच्या चौकटी रंगवायला आलो होतो. आठ दिवसांचं काम होतं, त्याचे चार महिने झाले. आता चादरी धुवायला हात देतो, मोडलेलं दुरुस्त करतो आणि दुपारी मागच्या बाकावर बसून व्याख्यान ऐकतो.

व्याख्यान देणारे एक निवृत्त मास्तर आहेत. अंगानं काडी, आवाज मात्र खणखणीत. त्यांचं म्हणणं असं की ‘मी’ हा दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा असतो, आणि हळूहळू तो घरातल्या माणसांनाच विचारायला लागतो की तुम्ही कोण, इथे कसे. इथे प्रत्येकाला एक काचेची बरणी देतात. तोंडातून ‘मी’ निघाला की बरणीत एक खडा टाकायचा. गेल्या खेपेला मीही एक बरणी घेतली. दहाव्या दिवशी माझ्या बरणीत फक्त तीन खडे! एका निवृत्त न्यायाधीशांच्या बरणीला तर झाकण बसेना. मला इतका आनंद झाला की चहाच्या वेळी मी सगळ्या बरण्यांसमोरून तीन चकरा मारल्या आणि भेटेल त्याला विचारलं की तुमचे किती. मास्तर बघत होते. एक खडा उचलला आणि माझ्या बरणीत टाकला.

तेव्हापासून डोक्यात बाबा आहेत. तू म्हणशील, आता हा जुनं उकरून काढणार. काढतो. तुला घडलेलं सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

आपल्या कारखान्याचा नियम काय? ज्यानं शिडी केली त्यानं आधी स्वतः टोकापर्यंत चढायचं, वर दोन उड्या मारायच्या, खाली यायचं, आणि मगच तापल्या सळईनं सर्वांत खालच्या पायरीच्या पोटाशी आपली खूण उमटवायची. बाबांचं वर्तुळ, तुझ्या दोन रेघा, माझी फुली. माझी पहिली शिडी अकरा पायऱ्यांची होती आणि तिला मी पॉलिशचे तीन हात दिले होते. अशी चमकत होती की तिच्यात तोंड बघावं. चढलो असतो तर बुटांचे ठसे उठले असते. म्हणून चढलोच नाही. फुली उमटवून मोकळा झालो, आणि रंगारीकाका ती दुकानातून घेऊन गेले. चौथ्या पायरीला लाकडात गाठ होती. ती मी भुसा आणि सरस भरून छान सपाट केली होती, दिसायला वाईट नको म्हणून. पायरी तिथेच मोडली आणि काकांचं मनगटही.

चूक माझी. मी ती कबूल करायलाच निघालो होतो. पण दुसऱ्या दिवशी परत आणलेली ती शिडी उलटून बघितली, तर फुली रंध्यानं तासून काढलेली आणि तिथे ताजं वर्तुळ. बाहेर बाबा सगळ्यांना सांगत होते की शिडी त्यांनीच केली. ताई, त्यांनी माझी चूकसुद्धा माझ्याकडे राहू दिली नाही. मी तुला सांगितलं होतं की भुशाचा कंटाळा आला म्हणून जातोय. कंटाळा वगैरे काही नव्हता, हे होतं.

आता सांग, अहंकार कुणाचा? सोडायचा तर आधी कुणी?

बाबांना नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर. माझ्या वाट्याचा लोभ जिथे ठेवला असशील तिथे अधूनमधून पुसून ठेवत जा.

तुझा,
धाकटा


ता. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
ताईचे अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा, आम्ही कसे आहोत असं कुठे विचारलंयस का ते शोधायला. नाही विचारलंस. मुंग्यांची मात्र सविस्तर चौकशी आहे. त्या मुंग्यांना माझा नमस्कार.

आता तुझी शिडी. तू घाबरून खोलीत बसला होतास, तेव्हा रंगारीकाका गळ्यात हात बांधून दुकानासमोर उभे होते. तावातावानं म्हणत होते की शिडी या पोराची असेल तर मी घरोघर जाऊन सांगणार, याच्या हातच्या वस्तूवर पाय ठेवू नका. बाबांनी त्यांना सांगितलं की पोरानं नुसतं पॉलिश केलं, भोकं माझी आणि पायऱ्याही माझ्याच, माझी नजर चुकली. काकांना ते पटेना. म्हणून शिडी मागवून घेतली, आत नेली आणि बाहेर आणून वर्तुळ दाखवलं. मी तेव्हा बाबांना विचारलं होतं की हा खोटेपणा कशाला. ते म्हणाले, चाळीस वर्षांची खूण एक मोडकी पायरी पचवते, पहिल्या खुणेला ते झेपत नाही. एवढंच बोलले आणि रंधा साफ करायला बसले. तुला सांगू नको म्हणाले. मीही नाही सांगितलं, कारण तुम्ही दोघं आपापसात बोलाल अशी माझी वेडी समजूत होती.

तेव्हापासून काका भेटतील तिथे बाबांना विचारतात की चष्मा केला का, आज नीट दिसतंय ना. चारचौघांत. तीन वर्षं. एरवी कुणाचा अर्धा शब्द न ऐकणारा माणूस ते मुकाट ऐकून घेतो. याला तुझे मास्तर काय म्हणतात, विचारून ठेव.

पण बाबांना देवमाणूस करू नकोस. खरं अवघड तर पुढेच आहे. त्यांचे हात थरथरतात. गिरमिट सरळ जात नाही, भोक तिरकं पडतं आणि पायरी ढिली बसते. हे त्यांना कुणी सांगायचं? एका शाळेच्या वाचनालयासाठी चार शिड्या करायच्या आहेत, दहा मार्चला द्यायच्या. बाबा एकाही शिडीला मला हात लावू देत नाहीत. ते दुपारी आडवे झाले की मी ढिल्या पायऱ्या काढते, भोकं दुरुस्त करते, पाचर मारून पुन्हा बसवते. ते उठतात, दुखरा गुडघा घेऊन वर चढतात, दोन उड्या मारतात, खाली येऊन मला म्हणतात की बघ, अजून हात बसलेला आहे. आणि वर्तुळ उमटवतात.

मला त्याचं काही वाटत नाही, असं मी पहिल्या शिडीपर्यंत स्वतःला सांगत होते. दुसरीपासून वाटायला लागलंय. आणि एखाद्या दुपारी त्यांना झोप लागली नाही तर? त्या शिड्यांवर मुलं चढणार आहेत.

माझ्या एकटीच्यानं हे सांगवत नाही. ये. व्याख्यान इथेही ऐकायला मिळेल, बाक जरा टणक आहे इतकंच.

तुझ्यावर रागावलेली, आणि तरी तुझीच,
ताई


ता. २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू आणि बाबा कसे आहात? (बघ, विचारलं.)

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. बाबांचा नाही, तुझाही नाही. तीन वर्षं एक गाऱ्हाणं मी गावोगाव सांभाळून नेलं. पावसात भिजू दिलं नाही, कुठे विसरलो नाही. चपला दोनदा विसरलो, ते नाही. आणि तू एका पानात ते काढून घेतलंस. आता हातांचं काय करायचं तेच सुचत नाही. चादरी पिळतोय.

मास्तरांना तुझं म्हणणं विचारलं. म्हणाले की एकोणीस वर्षं मी हेच शिकवतोय, पण माझी खुर्ची कुणी वीतभर सरकवली तरी मला बोलायला सुचत नाही. हे सांगताना ते हसले नाहीत. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

मी आपला विचार करून बघितला. चादर वाळेपर्यंत दुसरं काही काम नसतं. सगळा ‘मी’ टाकून दिला असता तर मी पॉलिशचे तीन हात दिले नसते, हे खरं. पण मग गाठीच्या जागी दुसरी पायरी घालावी असं तरी का वाटलं असतं? कुणाचीच नसलेली शिडी कोण तपासून बघणार? आपण खूण मिरवायला करतो असं मला वाटायचं. ती उत्तर द्यायला असते. पायरी मोडली तर कुणाचं दार वाजवायचं, ते लोकांना कळावं म्हणून. असं असेल तर बाबांनी माझ्यासाठी केलं ते मोठंच होतं, पण तेव्हापासून लोक चुकीचं दार वाजवतायत. आणि तूही त्या चार शिड्यांच्या बाबतीत तेच करते आहेस. एखादं मूल पडलं तर उत्तर कोण देणार? बाबा? त्यांना तर काही माहीतच नाही.

मी येत नाही. भीती वाटते, हे सरळ लिहितो. पण सोबत रंगारीकाकांना एक चिठ्ठी आहे. तीत गाठ, भुसा, सरस, बुटांचे ठसे, सगळं लिहिलंय. आधी बाबांना वाचून दाखव, मग काकांना दे. बाबा माझ्यावर भडकतील. त्याच भरात तुझं पायऱ्यांचंही सांगून टाक. एका भांडणात दोन कामं होतील.

चिठ्ठीत ‘मी’ सतरा वेळा आलाय. मोजले.

माझ्याकडून तुला पोचवण्यासारखं दुसरं काही नसल्यानं नमस्कारच पुन्हा पाठवतो.

तुझा,
धाकटा


ता. १२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझी युक्ती म्हणजे आगीतून चालत जाऊन शेजारचा दिवा विझवण्यासारखी होती. तरी केली.

चिठ्ठी वाचून दाखवली. बाबांनी ऐकून घेतली आणि म्हणाले की त्यानं मला गावात खोटं पाडलं. मग मी पायऱ्यांचं सांगितलं. त्यावर मात्र ते उठले, चारही शिड्या एकेक करून आडव्या पाडल्या आणि प्रत्येक पायरी बोटांनी चाचपली. माझी कुठली आणि त्यांची कुठली हे त्यांना हाताला कळत होतं. मला तर ते डोळ्यांनीही कळलं नसतं. एकूण सव्वीस पायऱ्या माझ्या निघाल्या. मग दोन दिवस ते कारखान्यात आले नाहीत. जेवायला यायचे, ताटाकडे बघून जेवायचे आणि उठायचे. त्या दोन दिवसांत मला दहा वेळा वाटलं की गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आले ते रंधा घेऊनच. चारही वर्तुळं स्वतः तासली. सळई तापवून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आधी चढ. मी चढले. ते खाली शिडी धरून उभे होते. त्यांना शिडीच्या खाली मी आयुष्यात प्रथमच बघितलं. वरून टक्कल केवढं दिसतं रे! मी दोन उड्या मारल्या. खाली आल्यावर त्यांनी विचारलं की थरथर जाणवली का, मी धरलं होतं ना. मी नाही म्हणाले. खोटं बोलले, बहुतेक.

शिड्या दहा तारखेला शाळेत गेल्या. चारींवर दोन रेघा.

रंगारीकाकांनी तुझी चिठ्ठी दुकानाच्या दारात उभ्यानं वाचली. त्यांचा आक्षेप एकच. तीन वर्षांत चष्म्याबद्दल जे जे बोललो ते आता सगळं परत घ्यावं लागणार, आणि कुठे कुठे बोललो ते आठवत नाही.

बाबांनी तुझ्या चिठ्ठीबद्दल पुन्हा विषय काढलेला नाही. पाकिटावरचा तुझा पत्ता मात्र डोळ्यांपासून लांब धरून वाचत होते. कशाला, विचारलं तर म्हणाले, अक्षर किती वाईट आहे ते बघतोय.

इथला लोभ आहे तसाच आहे, तू आपला जपून राहा.

तुझी,
ताई


ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या वेळी पत्र मिळाल्या दिवशीच लिहायला बसलोय, आश्चर्य वाटून घेऊ नकोस. तुझे ते बाबा शिडीखाली उभे, हे मी चार वेळा वाचलं. मला काही ते चित्र डोळ्यांसमोर आणता येत नाही. टक्कल येतं, बाबा येत नाहीत.

तर मी इथे शिडी करतोय. म्हणजे केली. गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि तिथे चढायला लोक दोन टेबलं एकावर एक ठेवायचे. अहंकार सोडलेली माणसं, पण टेबलांचा काही विचार नाही. लाकूड निवडायलाच तीन दिवस घेतले. गाठ असलेले दोन तुकडे बाजूला टाकले. नऊ पायऱ्या. पॉलिशचा एकच हात दिला आणि तो ओला असतानाच चढलो, धीर धरवेना. बुटांचे नऊ ठसे उमटलेत, खालून वरपर्यंत. वर दोन उड्या मारल्या तेव्हा मास्तर खिडकीतून ओरडले की अरे टाकी फुटेल. खूण अजून केलेली नाही. फुली करावी की काय करावं, दोन दिवस ठरत नाहीये. पहिली फुली तासली गेली ती गेलीच. दुसरी करायला मला कुणाला तरी विचारावंसं वाटतं, आणि कुणाला ते लिहायला लाज वाटते. पुढच्या महिन्यात इथून निघावं म्हणतो. कुठे, ते अजून

थांब. फाटकवाला आत्ता येऊन गेला. म्हणाला, एक म्हातारे गृहस्थ आलेत. चढ पायी चढून आलेत, गुडघा धरून उभे आहेत, पण खुर्ची दिली तर बसत नाहीत. याला वाटलं, दहा दिवसांसाठी आलेत. म्हणून यानं वही पुढे केली आणि नाव सांगा म्हणाला. तर नाव सांगेनात. गच्चीवरच्या शिडीकडे बघत म्हणाले, शिकायला नाही आलो, नुसतं लिही की इथे जो शिडी करतो त्याचा बाप.

ताई, पत्र इथेच सोडतो. नमस्कार.

धाकटा