गल्लीतल्या धुराचा तपास

२ जानेवारी
लुंबिनीला पुन्हा दम लागला. सहा वर्षांचं लेकरू, बरगड्या आत-बाहेर होत होत्या. डॉक्टरनं विचारलं, घराजवळ कशाचा धूर हाय का? सूनबाई विशाखा म्हणाली, आणखी एकदा असं झालं तर तुमच्या नातीला घेऊन लातूरला आईकडं जाते. आमचा पोरगा आनंदराज बायकोच्या शब्दाबाहेर न्हाई. म्हणून तपास मीच हाती घेतला. झेडपीत उभा जन्म काढलाय, आठवड्यात आरोपी हजर करतो.

५ जानेवारी, सकाळ
मागवलेलं हवा मोजायचं मशीन आलं. नाकातून थेट फुप्फुसात जाणारी बारीक काजळी मोजतं. आंघोळीआधी अंगणात ठेवलं. २९०! स्क्रीन लालभडक. नांदेडची पार दिल्ली झाली की!
संशय: पलीकडच्या अमरेशच्या हॉटेलातली कोळशाची भट्टी. दुसरं कोण असणार?
रागानं डोकं फिरलं, म्हणून बंबाच्या कढत पाण्यानं लई वेळ आंघोळ केली. गिझरच्या पाण्यात ती मजा न्हाई. शिवाय बंबात घरातला कचरा मार्गी लागतो. जुन्या चपला, कूलरचं गवत, सायकलची ट्यूब. पर्यावरणाची सेवाच म्हणायची.

६ जानेवारी, दुपार
आकडा ६०. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी भट्टी बंद ठेवून राहिला. अमरेश लई चलाख.

८ जानेवारी
अमरेशला जाब विचारला. भट्टी त्यानं दिवाळीतच मोडली म्हणे, सगळं गॅसवर. दाखवलं पण. चहा पाजला. वर मलाच म्हणतो, काका, गच्चीवरच्या टॉवेलांवर काळे ठिपके पडून राहिले, तुमच्याकडून येतात. काय बोलावं आता! चहा मात्र चांगला होता.
नवा संशय: बायपासवरची डाळ मिल.
लुंबिनी सकाळपासून खोकते. वाफ द्यायला कढत पाणी पाहिजे. उद्यापासून बंब दोनदा पेटवणार. लेकरासाठी एवढं तर करूच.

११ जानेवारी
मिलविरुद्धच्या माझ्या अर्जावर महापालिकेच्या पुनम मॅडम पाहणीला आल्या. मशीन ४१०. बघा म्हणलो, डाळ मिल! त्यांनी मिलकडं मान पण वळवली न्हाई. बंबापाशी उभ्या राहिल्या. आत काय जळतंय, विचारलं. ते घरगुती हाय, म्हणलो. आमची घरवाली पार्वतीबाई मागून बोलली, मी कवापासून हेच सांगून राहिले. लोकांसमोर बोलायची काही गरज होती?
तेवढ्यात लुंबिनीचा दम चढला. बंबामागची खिडकी तिच्याच खोलीची. मी वाफेचं पातेलं घेऊन धावलो. विशाखानं ते हातातून घेतलं अन् मोरीत ओतलं. रिक्षानं दवाखाना. लेकराचे ओठ निळे पडले होते. लई भ्यालो.

१३ जानेवारी
लेकरू बरं. माय-लेकी लातूरच्या बसनं गेल्या. लुंबिनीनं खिडकीतून हात हलवला. मला नीट हलवता पण आला न्हाई.
बंब पेटवला न्हाई. वाफ कुणाला द्यायची?

१५ जानेवारी, सकाळ
आकडा ५२. तो पण सकाळी! माझ्या अर्जाला मिलवाला टरकला. विशाखाला लगेच कळवतो. आधी झकास आंघोळ.

१५ जानेवारी, जरा वेळानं
बंब पेटवला. ५२ चे २८०. पाणी ओतून विझवला. आकडा उतरला. मशीन बिघडलं असंल म्हणून पुन्हा पेटवला. पुन्हा तेच. बंबापुढंच बसून राहिलो. पार्वतीबाई आली, बघितलं, आत गेली.

१६ जानेवारी
गार पाण्यानं आंघोळ. दात वाजले.
लातूरला फोन केला. आरोपी सापडला, आता लेकराला आणा, म्हणलो. विशाखानं फोन लुंबिनीकडं दिला. ती म्हणाली, आजोबा, इथं मी पळत जिना चढते, दम लागत न्हाई. मग विचारलं, कोण होता तो?
रेंज न्हाई बेटा, ऐकू येईना, म्हणून ठेवला.
रेंज फुल होती.