गेली म्हणजे कुठं

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू असताना तुला पत्र लिहायचा प्रश्नच आला नाही. आता नोकरी संपून कितीतरी वर्षं झालीत, पनवेलच्या घरात दुपार सरता सरत नाही, आणि जन्मभर दुसऱ्यांची घरं सावरल्यावर आपल्या घरचं बोलणं तेवढं राहून गेलं असं सारखं वाटतं. म्हणून लिहायला बसले आहे.

तुला क्षय झाला तेव्हा आपण जासईच्या पुढं, मिठागराला लागून राहत होतो. मिठाच्या मचव्यातून, खाडीनं, तुला पनवेलच्या धर्मादाय दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर औषध देत, नर्स सुई टोचत आणि त्या दोघांकडून उरलेलं सगळं, रोग्याच्या घरादाराची काळजीसुद्धा, एक बाई बघत. बाईंच्या हुद्द्याला तेव्हा नाव नव्हतं. पुढं मी तेच काम शिकले तोवर त्याला वैद्यकीय समाजसेविका असं लांबलचक नाव मिळालं होतं, पगार मात्र आखूडच राहिला होता. तुला न्यायच्या आधी बाई आपल्या ओसरीवर येऊन बसल्या आणि माझी वेणी कोण घालणार, बाबा मिठावर गेले की चूल कोण पेटवणार, हे सगळं शेजारणींशी बोलून ठरवूनच उठल्या. पुढं दर बाजाराला मचवा हाकणाऱ्या तांडेलाबरोबर त्यांचा निरोप येई. पोरीची आई आज दूध प्याली, एवढाच. मी त्यावर आठवडा काढायची.

मग बाईच विषमज्वरानं आडव्या झाल्या आणि त्यांचा भाऊ त्यांना गावी घेऊन गेला. नेमक्या त्याच दिवसांत घाटावरच्या क्षयाच्या इस्पितळात एक खाट मोकळी झाली आणि तुला तिकडं हलवलं. तुझ्यासाठी ते चांगलंच होतं. इकडं तांडेल तुझ्यासाठी भाकरी आणि सुकट घेऊन दवाखान्यात गेला, तर दारावरच्या माणसानं सांगितलं, "ती गेली. कालच." बिचाऱ्यानं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण तांडेलानं कुठं गेली म्हणून विचारलं नाही. क्षयाच्या बाईबद्दल असं सांगितल्यावर कोण विचारतं? तो भाकरीचं फडकं तसंच परत घेऊन आला.

बाबा निघालेच होते. जाणत्या लोकांनी अडवलं. क्षयाचं मयत शहरात ठेवत नाहीत, आता जाऊन काय बघशील, म्हणाले. बाबांनी डोकं भादरलं, खाडीवर तुझा दहावा केला. कावळा पहिल्या हाकेला शिवला. तुझी काही इच्छा उरली नाही म्हणून बायकांनी समाधान मानलं. त्या मेल्या कावळ्यावर माझा अजून राग आहे.

घाटावरच्यांना वाटत होतं पनवेलहून घरी कळवलं असेल, पनवेलला वाटत होतं घाटावरून कळवतील. बाई गावाहून परत आल्या त्यांनाही तसंच वाटलं. आणि तू खाटेवर पडून समजत होतीस की आपली माणसं मिठाच्या हंगामात अडकली असतील. पुढं मी कामाला लागले तेव्हा रोगी एका दारातून दुसऱ्या दारात जाताना मधे कुणीतरी एकच माणूस हवं, असं वरच्या साहेबांना घसा कोरडा होईपर्यंत सांगायची. ते मान डोलवायचे. तुझी गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही.

वर्षाच्या आत बाबांचं दुसरं लग्न लावलं. आणि एका दुपारी तू बाईंबरोबर कुडापाशी उभी आहेस. अंगानं भरलेली, गालांवर रंग. मी तुला बघते आणि घरात पळते, कणगीमागं लपते, कारण मेलेली माणसं दुपारचीच येतात असं मला सांगितलेलं. बाबा आहेत तिथंच मातीत बसले. नवी आई अंगणात बोंबील वाळत घालत होती, तिला दिवस गेले होते. शेजारणी गोळा झाल्या आणि दहाव्यापासून लग्नापर्यंत सगळं त्यांनी तुम्हा दोघींना सांगितलं. बाई बाबांना म्हणाल्या की चूक दवाखान्याची आहे, पण घर हिचं आहे, हक्क हिचा आहे, आणि आजच्या आज काय ते ठरवू. तू मात्र नव्या आईच्या पोटाकडं बघत होतीस.

"चला बाई," तू म्हणालीस. "ती उन्हात उभी हाय. यांनी माजा दहावा केलाय, आता मना परत जित्ती नका करू."

बाई पहिल्यांदाच हरल्या. त्यांनी तुला दवाखान्यात झाडलोटीचं काम दिलं, मागची खोली दिली, आणि बाजाराच्या दिवशी बाबांनी मला तुझ्याकडं आणून सोडायचं हे वचन बाबांकडून घेतलं. तू माझे केस विंचरायचीस. घरचं काही विचारायची नाहीस, फक्त नव्या आईचा धाकटा दूध पितो का एवढंच. परत निघताना मी तुला सोडत नसे, मग तूच माझी बोटं एकेक करून सोडवायचीस.

दोन पावसाळ्यांनी खोकला परत आला. त्या वेळी निरोप घेऊन तांडेल आला नाही, बाई स्वतः आल्या. ओसरीवर बसल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "ती गेली." दुसरा शब्द त्यांनी नक्की शोधला असणार. बाबा त्यांच्याकडं वळले.

"कुठं गेली, बाई? या खेपेला नीट सांगा."

बाई रडल्या. बाबा उठले, तुझं हिरवं लुगडं फडक्यात बांधलं आणि कुणाला न विचारता पनवेलच्या वाटेला लागले. मी त्यांच्यामागं.

सगळ्या नोकरीत मी माझ्या हाताखालच्या कुणालाही हा शब्द वापरू दिला नाही. मेली तर मेली म्हणा, हलवली तर कुठं हलवली ते सांगा, म्हणून पोरींना रडवलंय मी. तुझ्याबद्दल मात्र कुणी विचारलं तर अजून ‘गेली’ असंच सांगते. त्या शब्दातून तू एकदा परत आली होतीस.