डॅशबोर्डवरचं स्टिकर

१२ फेब्रु., गुरु.
जामीन झाला. कोर्टातून घरी चालत आलो. एरवी महाडच्या बाजारपेठेतून जाताना चार ठिकाणी थांबावं लागतं. आज प्रत्येकाला आपापल्या दुकानात अचानक काम निघालं होतं.
परवाचं डोळ्यांसमोरून जात नाही. पोलिस, पंच, रस्त्यावर गर्दी. माझ्या स्पेअरपार्टच्या दुकानातली खोकी टेम्पोत चढवायला माणसं कमी पडली, तर मीच हात लावला. स्वतःच्या जप्तीची हमाली!
तक्रार कंपनीच्या माणसाची. वीर स्टेशनवरून रिक्षा करून गिऱ्हाईक म्हणून आलेला तो सभ्य माणूस. ब्रेक लायनर घेतले, खोकं उलटसुलट पाहिलं. मी त्याला चहा पाजला. वर म्हणालो, ‘साहेब, आपल्याकडे डुप्लिकेट मिळणारच नाही.’
घरी बायको, कल्पना. मौतीवरून आल्यासारखं मागच्या दारी अंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं तिने.

१४ फेब्रु.
वकिलांकडे. कॉपीराइटचं कलम त्रेसष्ट. सहा महिने ते तीन वर्षं, वर दंड. खोक्यावरचं चित्र कंपनीचं. त्याची नक्कल केलेला माल विकला, असा आरोप.
वकील : ‘कायद्यात “जाणूनबुजून” असा शब्द आहे. आपली सगळी केस त्यावर. तुम्हाला माहीत नव्हतं. मुंबईच्या माणसाने आणून दिलं, तुम्ही विश्वासाने विकलं. बस.’
मी विचारलं, ‘आणि लायनरचं?’
‘लायनरचं काय?’
‘ब्रेक लागतात की नाही ते...’
‘तो विषय या केसमध्ये नाही. काढूही नका.’
मान हलवून आलो.
इथे लिहायला काय हरकत आहे? माहीत होतं. खोक्यावरचा लाल रंग जरा गुलाबीकडे झुकलेला. तो आणून देणारा हसून म्हणाला होता, ‘शेठ, सेम टू सेम.’ मीही हसलो होतो.

१६ फेब्रु., सोम.
ताईचा फोन. ‘तू घाबरू नको रे दत्ता. माझ्या मेव्हण्याला गुतवलाय, असं हे समद्यांना सांगतात. जीपमधी बसणाऱ्या परत्येकाला.’
हे म्हणजे भावजी. पोलादपूर स्टँड ते त्यांची डोंगरावरची वाडी, वडापची जीप, भाड्याने माणसं भरून नेणारी. सकाळ-संध्याकाळ तोच घाट.
दिवाळीत त्यांच्या जीपला लायनर मीच दिले. ओरिजनल संपले होते. भावजी घाईत, गाडीत माणसं खोळंबलेली. ‘थांबा, हे नको, दोन दिवसांनी या’ म्हणायला हवं होतं. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर कसं म्हणणार? दिले.
आणि भावजींनी काय करावं! तिकडच्या ड्रायव्हरांची ही सवयच आहे. खोक्यावरचं चकचकीत गोल स्टिकर नखाने अलगद सोडवलं आणि डॅशबोर्डवर ग्रामदेवतेच्या फोटोखाली चिकटवलं. ‘मेव्हण्यानं दिल्यालं. वरिजनल हाय.’ हे त्यांचं दर फेरीला चालतं, असं ताई हसत सांगायची. मीही हसायचो.
बाकी माल कोणाकोणाला गेला? हायवेवरची जाणारी-येणारी गाडीवाली माणसं. तोंडंसुद्धा आठवत नाहीत. ही एक जीप तेवढी आठवते. याचीही लाज वाटते.

१७ फेब्रु.
वकिलांना आडून विचारलं. नातेवाइकाला माल दिला असेल तर?
‘गप्प बसायचं. नातेवाइकांशी तर एक शब्द नाही. तुम्ही त्यांना सांगितलंत की तुम्हाला माहीत होतं हे सिद्ध करणारा साक्षीदार तुम्हीच तयार केलात.’
म्हणजे सांगितलं तर मी आत. नाही सांगितलं तर...

२० फेब्रु.
कल्पनाने जेवताना विचारलं, ‘तुम्हाला माहीत होतं का?’
‘नाही.’
‘बरं.’ आमटी वाढली. मग म्हणाली, ‘शिमगा आला. मुंबईकर यायला लागतील. भावजींच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते तेव्हा. टपावर सामान, मागे पोरं लटकलेली.’
एवढंच. तिला कळलं आहे. मी खाली मान घालून जेवलो. भात दोनदा मागितला, भूक नसताना.

२२ फेब्रु., रवि.
भावजींना फोन केला. ठरवून केला होता, सांगायचंच म्हणून.
‘गाडी कशी हाय, भावजी?’
‘झ्याक. उतरताना जरा कर्रकर्र करते. पण वरिजनल हाय, बसंल आपोआप. तू तुझी काळजी घे. वकील बरा हाय ना?’
‘हो. बरा आहे.’
ठेवला. थू माझ्या जिनगानीवर.

२५ फेब्रु.
आज गेलो. आधी बाजारातल्या दुसऱ्या स्पेअरपार्टवाल्याकडे. ज्याला मी इतकी वर्षं ‘महागडा’ म्हणून हिणवलं, त्याच्या काउंटरवर उभा राहून ओरिजनल लायनर मागितले. त्याने मुकाट्याने दिले. एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.
पोलादपूर स्टँडच्या मागे फिटरने चाक काढलं. भावजींना सांगितलं होतं, नुसतं बघून घेऊ. प्रवासी, भावजींच्या भाषेत सीटा, झाडाखाली बसून. ड्रम निघाला आणि एका लायनरचा अर्धा तुकडा फिटरच्या हातात आला. उरलेला बोटाने दाबला तर भुगा झाला. शिळ्या भाकरीसारखा. फिटरने माझ्याकडे पाहिलं, मग दुसरं चाक काढायला गेला.
भावजी उकिडवे बसले होते. भुगा चिमटीत धरून चोळला.
‘दत्ता, तुला ठावं व्हतं?’
वकील आठवला. तीन वर्षं आठवली. कल्पनाला मारलेली थाप आठवली.
‘व्हतं.’
‘तुझी ताय याच गाडीनं बाजाराला येते रे.’
ओरडले नाहीत. एक मुस्काटात मारली असती तर मी उभा तरी राहिलो असतो. तसाच बसून राहिलो, हात काळे करून.
सगळं बसवून झालं. झाडाखालून एक म्हातारी ओरडली, ‘काय रे, बिगाडली का गाडी?’
भावजी उठले. हात पुसले. ‘नाय गो आये. मेव्हणा आलाय महाडवरनं. नवीन टाकून दिलं त्यानं. वरिजनल.’
माणसं चढली. स्टिकर तिथेच होतं. काढा म्हणायचा मला धीर झाला नाही. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिठ्यापर्यंत मागचा ब्रेकचा लाल दिवा बघत राहिलो. लागला. पुन्हा लागला.
जुने लायनर फडक्यात बांधून आणले आहेत. स्कूटरच्या डिकीत.

२६ फेब्रु.
कल्पनाला खरं सांगितलं. म्हणाली, ‘मला नका सांगू. मला माहीत होतं.’

४ मार्च, बुध.
ताईचा फोन. शिमग्याच्या बंदोबस्ताला एक हवालदार वाडीवर गेला होता. भावजींच्या जीपमधून, पुढच्या सीटवर. समोर स्टिकर. उतरताना त्याने मोबाइलमध्ये फोटो काढला. भावजींना वाटलं, देवाचा काढतोय.
फोटो केसच्या फायलीत गेला, आता भावजींचा जबाब होणार. वकील चिडले. पण रस्ता आहे म्हणाले. ‘तुमचे भावजी आपलेच आहेत ना? त्यांनी एवढंच सांगायचं : दत्तालाही माहीत नव्हतं. पढवून ठेवा.’
म्हणजे मी दिलेल्या नकली ब्रेकवर गाडी हाकायची त्यांनी, आणि आता माझ्यासाठी खोटंही बोलायचं. वकिलांना ‘बघतो’ म्हणालो. ‘नाही’ म्हणालो नाही.

६ मार्च
सकाळी भावजींचा फोन. उद्या जबाबाला बोलावलं आहे. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बोलले.
‘मी काय सांगू, तूच सांग. तू सांगशील तसं सांगतो. तुला वाचवायची तायनं शपत घातलीय.’
मी फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे स्टँडवरचा कलकलाट. कोणी तरी विचारत होतं, गाडी सुटणार का. भावजी त्याला म्हणाले, ‘थांब रे जरा. घरचा फोन हाय.’
त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.