हात वर केल्याचे परिणाम

मी, खाली सही करणारी, मोज्यांच्या कारखान्यातली निवृत्त मशीनवाली, वय अडुसष्ट, जन्मापासून ठार बहिरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. कोणी माझे कान भरले असतील अशी शंका घेऊ नये. तशी सोयच नाही.

"शुद्धीत" ठासून लिहिण्याचे कारण माझा पुतण्या. "काकूला काय कळतंय? मृत्युपत्र टिकणार नाही," असे तो माझ्यासमोरच वकिलांना म्हणाला. मला ओठ वाचता येतात हे तो विसरला.

१. माझे दोन खोल्यांचे घर कामगार संघटनेला द्यावे. कारखान्यात नव्याने लागणाऱ्या बहिऱ्या मुलींनी तिथे राहावे. त्यांना कोणी खोली देत नाही. "हाक कशी मारायची?" म्हणतात.

संघटनेचे माझ्यावरचे उपकार अपघाताने सुरू झाले. सभेत ठराव आवाजी मतदानाने होत. आम्ही पॅकिंगच्या बहिऱ्या बायका शेजारणीकडे बघून टाळ्या वाजवायचो. एकदा उकडत होते, म्हणून पंखा वाढवा असे सांगायला मी हात वर केला. नेमके तेव्हाच अध्यक्षांनी विचारले होते, महिला आणि अपंग कामगारांची प्रतिनिधी कोण होणार? मी बिनविरोध निवडून आले. पंखा होता तसाच राहिला.

पहिल्या बैठकीत मी बराच वेळ एकाचे ओठ वाचत बसले. तो शेंगदाणे खात होता.

मुकादम म्हणायचा, "बहिरीला मशीनवर कशी घेऊ? भोंगा ऐकू यायचा नाही." आमच्या सचिवबाई म्हणाल्या, "मग भोंग्याला दिवा लावा." मालकांनी कानावर हात ठेवले, तेव्हा ऐकू येणाऱ्यांनीसुद्धा आमच्यासाठी आपापली मशीन बंद केली. दिवा लागला, मी मशीनवर गेले, सभेत आवाजाऐवजी हात मोजून ठराव होऊ लागले. दिवा लागला त्या दिवशी मी आनंदाने रडले.

२. बँकेतली शिल्लक भाचीला. ती खुणांची भाषा शिकली, मुख्यतः माझ्याशी भांडता यावे म्हणून.

३. घंटीऐवजी लागणारा माझ्या दाराचा दिवा त्या मुकादमाला. त्याला आता कमी ऐकू येते म्हणे. कसा वापरायचा ते मी जिवंतपणीच शिकवीन, पण टोमणे मारत.

४. पुतण्याला माझ्या लग्नात आलेला रेडिओ. चालतो की नाही, मला ठाऊक नाही.

आज सहीच्या वेळी पुतण्याने शेवटची हरकत घेतली, "साक्षीदारही बहिरी? तिची साक्ष कशी चालेल?" वकील म्हणाले, "साक्षीदारानं सही करताना बघायचं असतं. ऐकायचं नसतं."

ठिकाण: माझी पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०२४
सही: मशीनवाली

साक्षीदार:
१. संघटनेच्या सचिवबाई. समक्ष पाहिले.
२. पॅकिंगमधली मैत्रीण, बहिरी. समक्ष पाहिले.